बघायचा कार्यक्रम आणि गांधीलमाश्या

पोह्यांच्या बशा ट्रेमध्ये मांडून झाल्या होत्या. आई माझ्या डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती, आणि तेवढ्यात मागच्या दारातून तो आवाज आला. मधमाशीचा आवाज बारीक असतो, आधणाचं पाणी उकळायच्या आधी कुजबुजतं तसा. हा तसा नव्हता. हा जाड होता, लांबून कुणी मोटारसायकल चढावर घातल्यासारखा.

"आई, गांधीलमाशी आलीय," मी म्हटलं.

"येऊ दे. तू पुढं हो," आई म्हणाली.

पुढं ओसरीवर सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर मला बघायला आलेले पाहुणे बसले होते. मुलगा धैर्यशील निकम, पुण्यात नोकरीला. त्याच्या शेजारी त्याची आई शालनकाकू. वडील येणार होते, पण त्यांना घाटात गाडी लागते म्हणून मेढ्यालाच एका ओळखीच्या घरी थांबले होते. स्थळ आणलं होतं माझ्या दत्तूमामानं. त्या वर्षात त्यानं आणलेलं हे पहिलंच स्थळ आमच्या गावापर्यंत पोचलं होतं. आधीची दोन खालच्या फाट्यावरूनच रस्ता बघून माघारी गेली होती. आमचा करंजमुरा आहेच तसा, डोंगराच्या काखेत अडकवून ठेवलेल्या पिशवीसारखा. त्यामुळे पाहुणे ओसरीवर टेकले तेव्हा निम्मं लग्न झाल्यासारखा मामाचा चेहरा उजळला होता.

आवाज पुन्हा आला. या वेळी दोन होते.

मी मागच्या दारातून डोकावले. परसात हिरड्याच्या झाडाखाली, सारवलेल्या ओट्यावर माझ्या मधाच्या पेट्या होत्या. बारावीनंतर घरी बसले होते, तेव्हा मध केंद्राचं शिबिर झालं होतं आणि तिथून आणलेल्या एका पेटीच्या मी चार केल्या होत्या. आत सातेरी माश्या, आपल्या डोंगरातल्याच, अंगानं बारीक आणि स्वभावानं गरीब. पण आदल्या वर्षी याच कार्तिकात त्यातल्या दोन माझ्या हातच्या गेल्या. गांधीलमाश्या दारात घिरट्या घालायच्या, एकेक माशी उचलून न्यायच्या, आणि आतल्या माश्या भिऊन चरायला बाहेरच पडेनात. शेवटी एका सकाळी सगळं मोहोळ उठलं आणि डोंगरात निघून गेलं. पेटी उघडली तर आत नुसतं मेण आणि एक पाल. दोन पेट्या नव्यानं भरायला मला अख्खं वर्ष लागलं होतं.

आता त्यातल्याच एकीपुढं तीन गांधीलमाश्या तरंगत होत्या. काळ्या, करंगळीच्या पेराएवढ्या, पोटावर केशरी पट्टा. माझ्यादेखत एकीनं दारातली माशी पकडली, चावून तिची गोळी केली आणि घेऊन गेली.

मी ट्रे खाली ठेवला. मोरपंखी साडीच्या निऱ्या वर खोचल्या आणि खुंटीवरची रॅकेट घेतली. डास मारायची, विजेवर भरून घ्यायची ती चिनी रॅकेट मी मेढ्याच्या बाजारातून खास या कामासाठी आणली होती.

आईनं माझा दंड धरला. ती ओरडली नाही, कारण ओसरी भिंतीपलीकडेच होती. तोंडातल्या तोंडात तिनं मला जे काही ऐकवलं त्यात माझं शिक्षण, माझा बाप, मध केंद्र आणि सरकार असे सगळे आले. मी म्हटलं, दोन मिनिटं. तिनं कपाळावर हात मारला आणि पाहुण्यांपुढं जाऊन सांगितलं की पोरगी देवापुढं दिवा लावतेय.

दिवा लावायला किती वेळ लागतो? मला तरी जास्त लागला. रॅकेटला गांधीलमाशी लागली की चट्ट असा मोठा आवाज होतो आणि जळका वास येतो. पहिल्या आवाजाला ओसरीवरचं बोलणं थांबलं. दुसऱ्याला आबा, म्हणजे माझे वडील, खोकले. मामा हजरजबाबी. त्यानं पाहुण्यांना सांगितलं म्हणे, की वाडीतली पोरं दिवाळीचे उरलेले फटाके उडवतायत. मग तिसरा आवाज झाला, त्यापाठोपाठ माझ्या तोंडून एक शिवी निघाली, आणि फटाक्यांची गोष्ट तिथंच संपली.

थोड्या वेळानं शालनकाकू हात धुवायच्या निमित्तानं मागं आल्या.

उंच, हाडापेरानं दणकट बाई. अंगावर कोसा रेशमाची साडी, हातात पर्स. दारात उभं राहून त्यांनी मला आधी पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. साडी गुडघ्याला, पदर कमरेला, केसांतला गजरा कानावर आलेला आणि हातात रॅकेट. मला वाटलं, संपलं. माझ्याही नकळत मी रॅकेट पाठीमागं लपवली.

"काय मारतीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. पेट्या दाखवल्या, गेल्या वर्षीचं सांगितलं. पाल सुद्धा सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी पर्स ओट्यावर ठेवली, साडीचा काठ उचलून कमरेत खोचला आणि विचारलं, "ही एकच रॅकेट आहे का?"

एकच होती. मग त्यांनी गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला खराटा उचलला.

मी त्यांना सांगत होते की काकू, तुम्ही नको, चावली तर हात सुजेल, फार दुखतं. त्या म्हणाल्या, त्यांचं माहेर कोयनेच्या काठचं, लहानपणी आंबे पाडताना गांधीलमाश्यांचं पोळं पण पाडलंय, चावून झालंय सगळं. आणि दुसऱ्याच फटक्याला त्यांनी एक माशी खाली पाडून टाचेनं चिरडली. साठीच्या घरात आलेली बाई, पण नेम असा की मी बघतच राहिले. आम्ही मग वाटणी करून घेतली. डावीकडच्या दोन पेट्या त्यांच्या, उजवीकडच्या माझ्या. मधूनमधून आमची नजर एकमेकींकडे जायची आणि हसू यायचं. आपण कशासाठी आलोय हे त्यांना आठवत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

एवढ्यात आईला शोधत धैर्यशील मागं आला.

तो चांगला दिसत होता, हे मी आज इतक्या वर्षांनी मोकळेपणानं सांगते. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस. फक्त त्यानं अत्तराची अख्खी बाटली अंगावर पालथी केली होती. मधाच्या पेट्यांजवळ वासाचं काही लावून जाऊ नये, हे शिबिरात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण ते त्याला कोण सांगणार? एक गांधीलमाशी वळली आणि सरळ त्याच्या कॉलरपाशी गेली. पुढं काय झालं ते नीट दिसलंच नाही. एक हाक ऐकू आली, मग धावत्या पावलांचा आवाज, मग गाडीचं दार आपटल्याचा. मी कोपऱ्यावरून बघितलं तर तो गाडीत बसून चारी काचा लावून घेत होता. कार्तिकातलं ऊन, गाडी उन्हात उभी. नाव धैर्यशील, हे माझ्या डोक्यात आलं आणि मी ओठ चावला. शालनकाकूंच्याही बहुतेक तेच डोक्यात आलं असावं, कारण त्यांनी खराट्याआड तोंड लपवलं.

"हसू नको," त्या मला म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या. मग सांगितलं, की दुसरीत असताना त्याला आग्या मोहोळाच्या माश्यांनी धरलं होतं. दवाखान्यात ठेवावं लागलं, डोळे सुजून मिटले होते. तेव्हापासून घरात साधी माशी आली तरी तो दुसऱ्या खोलीत जातो. ते ऐकून माझं हसू पळालं. दुखणं ते दुखणं.

त्याच वेळी रॅकेटचा दिवा विझला. भारनियमनामुळं सकाळपासून वीज नव्हती, त्यामुळं ती पुरती भरलेलीच नव्हती. मी बटण दाबून बघितलं, हलवून बघितलं, तळहातावर आपटून बघितलं. नुसतं प्लास्टिक. आणि गांधीलमाश्या वाढतच होत्या. गेलेल्या माश्या परत येत होत्या आणि येताना बहिणींना घेऊन येत होत्या.

उजवीकडच्या टोकाची पेटी सगळ्यात अशक्त होती. दसऱ्याला मी तिच्यात नवी वसाहत भरली होती. तिच्या दाराच्या फळीवर एक दांडगी गांधीलमाशी उतरली आणि आरामात आत चालू लागली. मला पुढचं दिसायला लागलं. आज ही पेटी, उद्या दुसरी, मग पुन्हा रिकाम्या खोक्यातली पाल. मी ओली माती उचलली. दार मातीनं लिंपून टाकायचं ठरवलं. आतल्या माश्या थोडा वेळ गुदमरल्या तरी चालतील.

काकूंनी माझं मनगट धरलं.

"थांब जरा. बघ तरी त्या काय करतात."

दारात सातेरी माश्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. गांधीलमाशी जवळ आली की सगळ्यांच्या पाठी एकदम थरथरत होत्या. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, तळ्याच्या पाण्यावर वारा सरकावा तशी ती थरथर जात होती. त्याबरोबर आतून फुस्स असा आवाज येत होता. मी हे आधी बघितलेलं होतं, पण मला नेहमी वाटायचं की बिचाऱ्या भीतीनं कापतायत. आणि मी लगेच रॅकेट घेऊन मधे पडायचे. त्यामुळं त्यानंतर काय होतं, ते मला कधी दिसलंच नव्हतं.

गांधीलमाशीनं दारात डोकं घातलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग आतून एक माशी तिच्यावर पडली, मग पाच, मग किती ते कळेना. डोळ्याची पापणी लवायच्या आत तिथं गांधीलमाशी दिसेनाशी झाली आणि लिंबाएवढा, जिवंत, तपकिरी गोळा तयार झाला. गोळा फळीवरून घरंगळला आणि खाली सारवलेल्या ओट्यावर पडला, पण फुटला नाही. उलट वरून आणखी माश्या येऊन त्याला चिकटत होत्या.

ती एक आहे, त्या एकीच्या जबड्यात सगळ्या मरणार, असं वाटून मी काडी घेतली आणि गोळा मोकळा करायला वाकले. काकूंनी ती काडी माझ्या हातातून काढून घेतली.

"त्यांचं घर आहे ना? मग त्यांना करू दे की," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी उकिडव्या बसलो. रेशमी साडी शेणानं सारवलेल्या ओट्यावर टेकली, तरी त्यांना भान नव्हतं. गोळा चावत नव्हता, डंख मारत नव्हता. तो नुसता कापत होता, आवळून धरल्यासारखा. काकूंनी हळूच बोट जवळ नेलं आणि माझ्याकडं बघितलं. मग माझा हात धरून तिथं नेला. ऊब लागत होती. तापलेल्या तव्यावर हात धरून अंदाज घेतो ना, तशी.

त्या बसल्या बसल्याच काकूंनी मला विचारलं, "लग्नानंतर ह्या पेट्यांचं काय?"

मी सांगितलं, आबा म्हणतात चुलत्यांना देऊन टाकू.

"आणि तू काय म्हणतीस?"

मी काहीच म्हणत नव्हते. मला कुणी विचारलंच नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. पुण्यात कुठं ठेवता येतील का, असं मी चाचरत विचारलं. गोळ्यावरची नजर न काढता काकू सांगू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर घर. दोन खोल्या. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरीच्या घरी. त्यांनी खिडकीत तुळशीची कुंडी ठेवली होती, तर खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकलं म्हणून सोसायटीत मीटिंग भरली. तुळशीवर मीटिंग. आता ती तुळस न्हाणीघरात असते आणि तिला ऊन दाखवायला रोज त्या कुंडी घेऊन खालच्या बागेत जाऊन बसतात. लोकांना वाटतं, बाई फिरायला येतात.

मी हसले. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

बऱ्याच वेळानं गोळा सैल झाला. माश्या एकेक करून सुटल्या, अंग झटकून दारात परतल्या. मधोमध गांधीलमाशी पडली होती, पाय पोटाशी घेऊन, कुठं जखम नाही की काही नाही. तिच्याभोवती काही माश्याही मेलेल्या होत्या. काकूंनी काडीनं गांधीलमाशी उलटी करून बघितली, आणि मग एवढंच म्हणाल्या, "शाब्बास." मला म्हणाल्या की माश्यांना, ते मी आजवर विचारलेलं नाही.

नंतर आणखी दोन गोळे झाले आणि उरलेल्या गांधीलमाश्या रानाकडं निघून गेल्या. उन्हं कलली. आम्ही हातपाय धुतले, मी पदर सारखा केला, आणि घरात गेलो.

ओसरीवर पोहे गार होऊन त्यांचा दगड झाला होता. आबा आणि मामा एकमेकांकडं न बघता बसले होते. मामाच्या डोक्यात स्थळाची अंत्ययात्राच निघालेली दिसत होती. तेवढ्यात आईनं खालच्या आवाजात नवल सांगितलं. मामा पाणी घेऊन गाडीपाशी गेला होता, तेव्हा धैर्यशीलनं काच दोन बोटं खाली घेतली आणि त्या फटीतून सांगितलं की त्याला मुलगी पसंत आहे.

माझा विश्वास बसेना. गाडीच्या मागच्या काचेतून त्याला परस दिसत होतं म्हणे. त्यानं आमची सगळी लढाई बघितली होती. आता अंधारू लागल्यावर तो गाडीतून उतरला, ओसरीच्या पायरीवर आला, घामानं शर्ट भिजलेला. सगळ्यांसमोर, माझ्याकडं बघून तो सरळपणे बोलला. त्याला घाबरून पळाल्याची लाज वाटत होती. आपल्यात नसलेलं काहीतरी या मुलीत आहे असं त्याला वाटलं. तिला पुण्यात शिकायचं असेल तर शिकू दे, नोकरी करायची तर करू दे. "फक्त माश्या तेवढ्या नकोत," तो म्हणाला. "ते मला जमणार नाही. बाकी तिचं सगळं मान्य."

आबांचे डोळे भरून आले. मामानं साखर आणायला आत हाक दिली. खरं सांगायचं तर यापेक्षा चांगलं कुणी बोललं नसतं. मी खाली मान घालून उभी होते आणि नाही म्हणायला माझ्याकडं एकही कारण नव्हतं. चार लाकडी खोकी हे काय कारण आहे? असं कुणी नकार देतं का? माझ्या घशात काहीतरी अडकलं होतं, पण ते शब्द नव्हते.

आई साखरेची वाटी घेऊन आली. शालनकाकूंनी वाटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

"मुलगी मला पसंत आहे," त्या आबांना म्हणाल्या. "एवढी पसंत कुणी पडलीच नाही. म्हणून ही सोयरीक नको."

कुणाला कळेना, ऐकण्यात चुकलं की काय. धैर्यशीलनं आईला हाक मारली. त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

"माझा पोरगा चांगला आहे," त्या पुढं म्हणाल्या, "पण घर तिसऱ्या मजल्यावर आहे. हिला तिथं न्यायची, तर ह्या पेट्यांपासून तोडून मीच नेल्यासारखं होईल. आणि मग रोज मला तिच्याकडं बघावं लागेल."

एवढं बोलून त्यांनी पर्स घेतली, चपला पायात सरकवल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. गाडी वळणाआड गेली तरी मामा साखरेच्या वाटीकडं बघत उभा होता.

आणि मी? माझी सुटका झाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. मला भयंकर राग आला. भर ओसरीवर मला नाकारलं होतं. तेही माझ्याबरोबर खराटा घेऊन लढलेल्या बाईनं. रात्रभर मी चुलीपाशी रडले. वाडीत दुसऱ्याच दिवशी बातमी झाली की उतेकरांच्या उज्ज्वलानं पाहुण्यांच्या अंगावर गांधीलमाश्या सोडल्या. आबा माझ्याशी बोलेनात. दत्तूमामानं तर जाहीर केलं की या पोरीला आता स्थळ आणेन ते राक्षसाचं. आई शालनकाकूंचं नाव निघालं की भांडी आपटायची.

पेट्या मात्र राहिल्या. चुलत्यांना द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही, कारण लग्नच नव्हतं. वसंतात मी चारीतून मध काढला, राग थोडा कमी झाला होता म्हणून एक बाटली मामाकडून मिळवलेल्या पत्त्यावर पाठवली. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली आणि दुपारच्या एसटीतून शालनकाकू एकट्याच उतरल्या. हातात पिशवी, पिशवीतून वर आलेले दोन रॅकेटचे दांडे. आई दारात आडवी उभी राहिली. काकूंनी तिला विचारलं, की गांधीलमाश्या यायला लागल्या का. आई म्हणाली, कालपासून. काकू म्हणाल्या, मग वेळेवर आले. आईनं दारातून बाजूला होऊन चहा टाकला.

त्या आठवडाभर राहिल्या. रॅकेटा फार लागल्याच नाहीत. आम्ही पेट्यांची दारं लाकडी पट्टी ठोकून बारीक केली, सातेरी जाईल पण गांधीलमाशी जाणार नाही एवढी, आणि बाकीचं माश्यांवर सोडलं. दुपारी दोघी हिरड्याखाली बसून गोळे कधी होतात याची वाट बघायचो. आई आधी लांबून बघायची, मग भाजी निवडायला म्हणून जवळ येऊन बसली. निघायच्या दिवशी आईनं त्यांची ओटी भरली आणि नाचणीचं पीठ बांधून दिलं. तेव्हापासून दर कार्तिकात त्यांचं येणं ठरून गेलं.

मध्यंतरी मी मोठ्या शिबिराला गेले तेव्हा तिथल्या सरांनी आम्हाला सांगितलं, की तो गोळा म्हणजे भट्टी असते. माश्या पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून उष्णता निघते. ती गांधीलमाशीला सोसत नाही. सातेरीला थोडी जास्त सोसते, पण थोडीच. म्हणजे त्या तापतात ते स्वतःच्या मरणाच्या अगदी काठापर्यंत. मी त्याच संध्याकाळी काकूंना फोन करून हे सांगितलं.

"धैर्यशील तेव्हा चार-सहा महिने माझ्याशी बोलला नव्हता," त्या म्हणाल्या. "जेवायला वेगळा बसायचा. ह्यांनी तर मला वेडी ठरवली. मला वाटायचं, झालं, आता पोरगा गेला हातचा." मग हसल्या. "गेला नाही. पण काठ बघितला मी."

हे त्यांनी मला तोवर कधी सांगितलं नव्हतं. कार्तिकामागून कार्तिक येऊन माझ्या ओट्यावर बसल्या, खराटे फिरवले, भाजी निवडली, पण नाही सांगितलं. मी फोन ठेवला आणि मग मला कळलं, की त्या दिवशी ओसरीवर माझ्या घशात जे अडकलं होतं ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलून टाकलं होतं. मला बोलावं लागलं असतं तर मी बोलले नसते. आज तिसऱ्या मजल्यावर असते. सुखात असते कदाचित.

माझं लग्न पुढं शेजारच्या खोऱ्यातल्या सुदाम चिकण्यांशी झालं. वनखात्यात नोकरी, घरामागं मोठं परस, आणि माश्यांना घाबरत नाही, सासूबाईंना घाबरतो. लग्नाला शालनकाकू आल्या, धैर्यशील आणि त्याची बायकोही आली. पुण्याचीच मुलगी, हसरी. त्यानं मला हात जोडून नमस्कार केला आणि अत्तर लावलेलं नाही, असं मुद्दाम सांगितलं.

मांडवात मानाच्या साड्या देताना आईनं विहिणीची साडी दिली आणि तसलीच, काठ जरा जास्त रुंद असलेली दुसरी साडी काढून शालनकाकूंच्या हातात ठेवली. वऱ्हाडातल्या बायका कुजबुजल्या, ह्या कोण? मावशी का, आत्या का? आईनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही आमच्या उज्जूची न झालेली सासू. झालेलीपेक्षा कधीही बरी."

झालेली सासू तिथंच, साडीची घडी हातात घेऊन उभी होती. त्या एका वाक्याची भरपाई मी अजून करतेय.